ठमीची प्रवासाची पिशवी: ९ महिने वापरल्यानंतर

ऑगस्टमध्ये ही पिशवी घेतली तेव्हा दुकानात उभी राहून मी टेपने तिची मापं दोनदा घेतली होती. नवऱ्याला लिस्बनमध्ये दीड वर्षाचं काम मिळालं, माझी नोकरी फ्रँकफुर्टला, आणि आमची मांजर ठमी दोघांची लाडकी. सुट्टीत मी तिकडे महिनाभर राहायचं ठरवलं, पण तेवढे दिवस तिला दुसऱ्यांच्या घरी ठेवायला माझं मन तयार होईना. म्हणून सप्टेंबर ते मे या काळात आम्ही दोघींनी सहा विमानं केली. तीन जाताना, तीन येताना. आता या पिशवीबद्दल आणि एकूण प्रवासाबद्दल खात्रीने लिहिता येईल असं वाटतंय.

ठमी टिअरहाइममधून, म्हणजे इथल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून, आणलेली. वय चार, वजन ४.६ किलो, स्वभाव भित्रा. दाराची बेल वाजली की पलंगाखाली. अशा मांजरीला घेऊन विमानतळावर जायच्या विचारानेच मला आठ दिवस झोप लागली नव्हती.

पिशवी मऊ कापडाची आहे. तीन बाजूंना जाळी, वरून आणि एका बाजूने उघडते, रिकामी असताना १.२ किलो. अशा पिशव्या बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात, त्यामुळे नावापेक्षा माप बघा. माझी ४६ × २८ × २४ सेंमी आहे. केएलएम या विमान कंपनीला नेमकं एवढंच माप चालतं. लुफ्तान्सा या दुसऱ्या कंपनीला ५५ × ४० × २३ चालतं. माझी त्यांच्यापेक्षा उंचीला एक सेंटिमीटर जास्त भरते, पण कापड मऊ असल्यामुळे सीटखाली ती दबून बसते. दोन्हीकडे प्राणी आणि पिशवी मिळून वजन ८ किलोच्या आत लागतं. आमचं गोधडीसकट ६ किलोच्या आसपास जातं. तुमचा बोका सहा-सात किलोचा असेल तर कडक खोक्याचा विचारही करू नका, खोक्यातच दीड-दोन किलो जातात. रायनएअर आणि इझीजेट या स्वस्त विमान कंपन्या पाळीव प्राणी घेतच नाहीत (अंध व्यक्तींच्या मदतनीस कुत्र्यांसारखे अपवाद सोडून), तेव्हा स्वस्त तिकीट दिसलं म्हणून आधी काढून बसू नका. आणि आपलं तिकीट काढल्यावर लगेच फोन करून प्राण्याची जागा पक्की करा. एका विमानाच्या केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात.

आता गोधडी. आईने जुन्या सुती साड्यांची शिवलेली गोधडी साताऱ्याहून आणली होती. तिचा एक कोपरा फाटला होता, तेवढा तुकडा कापून मी पिशवीच्या तळाशी घातला. ठमी त्याच्यावरच झोपायची. पिशवी आणली त्या दिवसापासून ती बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली, उघडी ठेवली. पहिला आठवडा ठमी तिच्याकडे फिरकली नाही. मग मी तिची खाऊची वाटी आधी पिशवीजवळ, मग दारात, मग आत सरकवत नेली. तीन आठवड्यांनी ती दुपारी आत झोपायला लागली. त्यानंतर चेन लावून पाच मिनिटं, मग खांद्याला लावून घरातल्या घरात फेरी, मग ट्रॅमने दोन स्टॉप. प्रवासाला निघालो तेव्हा पिशवी तिच्या ओळखीची होती, तिच्या वासाची होती. माझं मत विचाराल तर सगळ्या तयारीत सर्वांत मोलाचे हे सहा आठवडे. पिशवी कितीही महाग घ्या, प्रवासाच्या आदल्या रात्री मांजरीला त्यात कोंबलंत तर तिचे हाल होणारच.

डिसेंबरमध्ये माझ्याकडून चूक झाली. निघायच्या दोन दिवस आधी, स्वच्छ असावी म्हणून, मी ती गोधडी धुतली. ठमीने पिशवीत डोकं घातलं, हुंगलं आणि मागे फिरली. त्या दिवशी तिला आत घालताना माझ्या मनगटावर ओरखडे आले आणि ती टॅक्सीत सबंध रस्ता रडत होती. तेव्हापासून धुणं परत आल्यानंतरच.

पिशवीचे दोष सांगते. चेनीच्या दोन्ही कड्यांना कुलूप नाही. ऑक्टोबरमध्ये गेटपाशी बसलो होतो तेव्हा ठमीने पंजा घालून चेन चार बोटं उघडली. तिचं नाक बाहेर आलेलं दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. विमानतळावर सुटलेलं मांजर सापडणं किती कठीण! घरी आल्यावर किल्ल्यांचा छोटा हुक घेऊन दोन्ही कड्या एकमेकींत अडकवल्या, आता उघडत नाही. आत एक छोटा पट्टा आहे, तो तिच्या हार्नेसला, म्हणजे अंगाभोवती बांधायच्या पट्ट्याला, लावते. तळाचा पुठ्ठा दुसऱ्याच फेरीत वाकला. पातळ प्लास्टिकचा भाजी चिरायचा बोर्ड मापाने कापून खाली घातला, तो आजही सरळ आहे. दाराकडची जाळी चौथ्या महिन्यात नखांनी विस्कटली. जाड दोऱ्याने रफू केली आहे, पण नवी घेताना मी जाळी बोटांनी ताणून बघेन. खांद्याच्या पट्ट्याला गादी नाही, आणि सहा किलो घेऊन लांबलचक टर्मिनल चालताना ती उणीव चांगलीच जाणवते.

सगळ्यात अवघड पाच मिनिटं सुरक्षा तपासणीची. पिशवी एक्स-रे मशीनमधून जाते, प्राणी जात नाही. त्याला बाहेर काढून, छातीशी धरून, आपण कमानीतून चालायचं. पहिल्या वेळी मला हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि पाच-पन्नास अनोळखी माणसांत, ट्रे आदळण्याच्या आवाजात मांजर हातात धरणं यांत फार अंतर आहे. ठमीने नखं माझ्या स्वेटरमध्ये रोवली. तिचं हृदय माझ्या तळव्याखाली इतकं भराभर धडधडत होतं की मीच रडकुंडीला आले. पलीकडे तिला क्षणभर राखाडी ट्रेवर टेकवलं. उचलली तेव्हा तिथे चार ओले ठसे उमटलेले होते. मांजराला घाम पंजाच्या गाद्यांना येतो, आणि घाबरलं की जास्त. ते ठसे सुकेपर्यंत मी बघत राहिले.

पुढच्या वेळी मी रांगेत उभी राहतानाच कर्मचाऱ्याला सांगितलं की मांजर घाबरट आहे, बंद खोलीत तपासणी करता येईल का. लगेच झाली. नंतरही मागितली त्या प्रत्येक वेळी झाली. मागावं लागतं, आपण होऊन कुणी विचारत नाही. हार्नेस मात्र घरूनच घालून निघा.

विमानात ती बरीच शांत असते. निघायच्या चार-पाच तास आधी थोडंसं खाणं, त्यानंतर फक्त पाणी, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गुंगीचं औषध मी विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं. गुंगीत रक्तदाब आणि शरीराचं तापमान बिघडू शकतं, आणि वर हवेत कुणाला काही करता येत नाही. विमान उतरायला लागलं की कानात दडे बसतात, तेव्हा ठमी ओरडते. चाटायच्या पेस्टची नळी जाळीपाशी धरली की चाटता-चाटता गिळणं होतं आणि ती गप्प होते. फ्रँकफुर्ट-लिस्बन साधारण तीन तास. घरापासून घरापर्यंत मात्र साडेसात तास होतात, म्हणून गोधडीवर एक शोषून घेणारा पॅड घालतेच. दोनदा उपयोगी पडला.

कागदपत्रांत मी चांगलीच ठेचकाळले, तेवढं नीट वाचा. युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्या देशात जाताना कुत्रा, मांजर किंवा फेरेटला (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) निळा पासपोर्ट लागतो, तो अधिकृत पशुवैद्य देतात. आधी मायक्रोचिप (१५ अंकी), मग रेबीजची लस. हा क्रम उलटला तर लस धरत नाहीत. लस वयाच्या १२ आठवड्यांनंतर, आणि पहिली लस असेल तर त्यानंतर २१ दिवस थांबायचं. आमची लस एका वर्षाची होती, मुदत १४ मार्च. तिकीट २० मार्चचं. मी १७ तारखेला इंजेक्शन द्यायला गेले, म्हटलं तीन दिवसांनी काय फरक पडतो. फरक पडतो. मुदतीच्या आत दिलं तर तो बूस्टर, एक दिवस जरी उलटला तरी ती नवी पहिली लस, आणि पुन्हा २१ दिवस. आम्ही १० एप्रिलला गेलो. नवऱ्याने २० मार्चला घर झाडून, वाळूचा डबा भरून ठेवला होता. त्याला फोन करून सांगताना फार वाईट वाटलं. पासपोर्टात ‘या तारखेपर्यंत वैध’ असा रकाना असतो, आता त्याच्या महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लावली आहे. सहाही वेळा काउंटरवर पासपोर्ट उघडून पाहिला, लिस्बनला उतरल्यावर एकदाही कुणी विचारलं नाही. म्हणून कुणी ढिलाई करू नये. चिप नोंदवायलाही विसरू नका, जर्मनीत टॅसो या प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे फुकट होते, आणि नोंद नसलेल्या चिपचा हरवलेल्या मांजरीला काडीचा उपयोग नाही.

शेजारचे कुत्र्याला घेऊन हेलसिंकीला गेले, त्यांना आणखी एक गोष्ट करावी लागली. फिनलंड, आयर्लंड, माल्टा आणि नॉर्वेत जाणाऱ्या कुत्र्याला पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं औषध डॉक्टरांकडून देऊन पासपोर्टात नोंद करून घ्यावी लागते. मांजरीला ते लागत नाही. ब्रिटनचं वेगळंच आहे, तिथे उतरणाऱ्या विमानाच्या केबिनमध्ये पाळीव प्राणी आणू देत नाहीत, मालवाहतुकीतून आणावा लागतो. लंडनच्या मैत्रिणीने कितीही आग्रह केला तरी ठमीला मी तसं पाठवणार नाही. जायचंच झालं तर फ्रान्समधल्या कॅलेपर्यंत गाडीने आणि तिथून समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या नेणाऱ्या शटल रेल्वेने, गाडीतच बसून.

पुण्याची मावसबहीण तिचा बोका इकडे आणायचं म्हणते आहे. तिला मी आजच चिप घालायला सांगितलं. भारतातून येताना चिप आणि लस झाल्यावर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावं लागतं, रेबीजविरोधी प्रतिपिंडं निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली हवीत, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे चार महिने गेलेच. नोकरीचं पत्र हातात आल्यावर सुरुवात केली तर माणूस पुढे येतो आणि बोका मागे राहतो.

पिशवी पुन्हा हीच घेईन का? माप आणि वजन बघता हो, हुक आणि बोर्ड आधीच लावून. जुलैचं तिकीट काढलं आहे, जागा फोनवर पक्की झाली आहे. गोधडीचा तुकडा आज सकाळी धुऊन बाल्कनीत वाळत घातलाय. तो पुन्हा ठमीच्या वासाचा व्हायला सहा आठवडे आहेत.