वायफाय लेझर प्रिंटर, चौदा महिने: 'ऑफलाइन' दिसलं की लगेच ड्रायव्हर उडवू नका

ज्यांनी हा किंवा याच किमतीतला दुसरा कुठलाही काळा-पांढरा वायफाय लेझर घेतलाय, त्यांना पानांचा वेग, टोनरचा भाव, दोन्ही बाजूंची छपाई सगळं माहीत असणार. ते परत सांगत नाही. छपाई चांगली आहे, अक्षर सुबक येतं आणि चौदा महिन्यांत कागद चार-पाच वेळाच अडकला. मला बोलायचंय ते कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या एका शब्दाबद्दल: ऑफलाइन. या शब्दापायी माझे पैसे गेले, दिवस गेले आणि ऐन सीझनमध्ये अशिलांसमोर मान खाली गेली.

पुण्यात धायरीला घराच्याच पुढच्या खोलीत माझं करसल्लागाराचं काम चालतं. रिटर्नच्या पोचपावत्या, उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन, बँकेला द्यायच्या ताळेबंदाच्या तीन-तीन प्रती असा कागद रोज लागतो. मे २०२४मध्ये प्रिंटर घेतला तेव्हा दुकानात दोन मॉडेल होती. एकाला वायफाय आणि लॅन केबलचं पोर्ट, दुसऱ्याला नुसतं वायफाय. फरक १,८०० रुपयांचा. 'आजकाल केबल कोण लावतं' असं दुकानदार म्हणाला, मलाही पटलं, स्वस्तातलं घेतलं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी परत त्यावर येतो.

पहिले तीन-चार आठवडे तक्रार नव्हती. १३ जूनच्या संध्याकाळी प्रिंट दिली तर प्रिंटर ऑफलाइन. प्रिंटरवर वायफायचा निळा दिवा स्थिर, मोबाइलवरून प्रिंट निघते, इंटरनेट चालू, आणि डेस्कटॉप म्हणतो ऑफलाइन. बंद-चालू केलं, फरक नाही. वॉरंटी होती म्हणून कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. दोन दिवसांनी मुलगा आला, त्याने जुना ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढला, नवा टाकला, वीस मिनिटांत प्रिंट सुरू. मी खूश.

पुढच्याच आठवड्यात तेच. यावेळी फोनवरून स्क्रीन ताब्यात घेऊन ड्रायव्हर परत टाकला. मग १८ जुलै. दोन दिवसांवर जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची तारीख, ३१ जुलैला आयकर रिटर्नची मुदत, समोर चार माणसं बसलेली आणि स्क्रीनवर ऑफलाइन. सर्व्हिसवाले म्हणाले, 'सर, प्रिंटर ओके आहे, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम आहे.' कॉम्प्युटरवाला म्हणाला प्रिंटर बदलून घ्या, नाहीतर विंडोज फॉरमॅट मारू. बघून जायचेच त्याने ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी असे ५९० घेतले. केलं काय? ड्रायव्हर काढला, परत टाकला. नेटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, 'नेट येतंय ना? मग आमच्याकडून काही नाही.' तिघेही आपापल्या जागी बरोबर असल्यासारखे बोलत होते आणि मी पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा होतो.

हे सगळं सुटलं ते सौ.च्या नजरेमुळे. ज्या दिवशी ऑफलाइन येईल त्या दिवसाला मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करत होतो, सर्व्हिसवाल्यांना दाखवायला पुरावा म्हणून. ऑगस्टमध्ये ती कॅलेंडरसमोर उभी राहून म्हणाली, "अहो, हे गोल बहुतेक गुरुवारचेच आहेत." पुणेकरांना गुरुवार वेगळा सांगायला नको. दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवायची तर ती गुरुवारी. प्रिंटरही बंद, राउटरही बंद. डेस्कटॉप तेवढा इन्व्हर्टरवर.

त्या संध्याकाळी लाइट आल्यावर मी प्रिंटरचं माहितीपत्रक छापलं. बऱ्याच मॉडेलना एक बटण काही सेकंद दाबून ठेवलं की प्रिंटर आपल्या नेटवर्कची सगळी माहिती एका पानावर काढून देतो. या यंत्रातली सगळ्यात मोलाची सोय हीच, आणि आलेल्या एकाही तंत्रज्ञाने ती वापरली नाही. पानावर आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला प्रिंटरचा नंबर, होता १९२.१६८.१.११. मग कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या नावावर राइट क्लिक करून 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडलं (शेजारी नुसतं 'प्रॉपर्टीज' असतं, ते नव्हे), पोर्ट्सच्या पानावर गेलो. कॉम्प्युटर प्रिंट कुठे पाठवतो ते तिथे दिसतं. टिक केलेल्या पोर्टवर पत्ता होता १९२.१६८.१.७. प्रिंटर अकरा नंबरच्या घरात राहायला गेलेला आणि कॉम्प्युटर सात नंबरचं दार ठोठावतोय. आतून उत्तर नाही, म्हणून तो म्हणतो ऑफलाइन.

घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो राउटर. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा नसतो, मुदतीवर दिलेला असतो. आमचा राउटर बंद होऊन चालू झाला की जुनी यादी विसरतो आणि जो आधी येईल त्याला आधीचा नंबर देतो. लाइट आली की दोन मोबाइल आणि टीव्ही पटकन जोडले जातात, प्रिंटर गरम होऊन सावकाश येतो, त्याला उरलेला नंबर मिळतो. ड्रायव्हर नव्याने टाकला की तो प्रिंटर कुठे आहे ते शोधतो आणि नवा पत्ता लिहून घेतो. म्हणून प्रत्येक वेळी 'दुरुस्ती' झाली. खरा दोष त्यामुळेच झाकला गेला. इलाज लागू पडतोय असं वाटलं की कारण कोणी शोधत नाही. शिवाय दर खेपेला यादीत प्रिंटरचं एकेक नाव वाढलं, कॉपी १, कॉपी २, कॉपी ३, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर जुन्या मेलेल्या नावावरच प्रिंट पाठवत राहिलं. जुनी नावं काढून टाका आणि डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवायचा तो पर्याय बंद करा.

इथपर्यंत हा रिव्ह्यू मी एक स्टार देऊन लिहायला घेतला होता. तो राग आता प्रिंटरवर नाही.

पण लगेच सुटलं असंही नाही. मी प्रिंटरच्या पॅनेलवरूनच त्याला .७ हा पत्ता पक्का करून टाकला. दोन आठवडे ठीक. मग राउटरने तोच .७ सौ.च्या मोबाइलला दिला, कारण तो नंबर वाटपाच्या यादीत होताच आणि प्रिंटरने तो परस्पर घेतलाय हे राउटरला कोणी सांगितलं नव्हतं. एका पत्त्यावर दोघं. प्रिंट कधी निघे, कधी नाही, आणि हे आधीपेक्षा वाईट, कारण अंदाजच येत नाही.

बरोबर रस्ता राउटरमधून जातो. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा (आमच्याकडे १९२.१६८.१.१, बहुतेक वेळा राउटरखालच्या स्टिकरवर पासवर्डसकट असतो), डीएचसीपीच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तशाच नावाचा पर्याय शोधायचा, आणि माहितीपत्रकावरचा प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राची स्वतःची न बदलणारी ओळख) तिथे लिहून त्याच्यासमोर एक नंबर राखून ठेवायचा. मी .५० ठेवला. प्रिंटरच्या पॅनेलवर पत्ता परत 'ऑटो' केला. मग कॉम्प्युटरवर पोर्ट्समध्ये 'ॲड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून १९२.१६८.१.५० दिला. तुमच्याकडे पोर्टचं नाव डब्ल्यूएसडीने सुरू होत असेल, तर प्रिंटर विंडोजने आपोआप शोधून जोडलाय. तसा ठेवण्यापेक्षा हा पत्त्याचा पोर्ट केलेला बरा, निदान कुठे बोट ठेवायचं ते कळतं. सगळं मिळून अर्धा तास, खर्च शून्य.

ऑक्टोबरमध्ये ऑफलाइन पुन्हा दिसलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. यावेळी पत्ता बरोबर होता, पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावर कॉम्प्युटरवरून हाक मारली, तर प्रिंटर उत्तर देत होता. कारण निघालं 'कॉन्फिगर पोर्ट'मधली एक टिक: एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड. कॉम्प्युटर त्या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करतो, तिथून उत्तर नाही आलं तर छपाईचा रस्ता मोकळा असूनही ऑफलाइन ठरवतो. टिक काढली, तेव्हापासून तो प्रकार नाही.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. प्रिंट रांगेत 'डिलीटिंग'वर अडकून बसली तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचा फोल्डर आहे त्यातल्या फाइली पुसा (फोल्डर नको) आणि स्पूलर चालू करा. आणि राउटर बदलला तर नव्याला जुनंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. २०२५च्या मार्चमध्ये नेटवाल्याने राउटर बदलला तेव्हा मी त्याला तसं करायला लावलं, प्रिंटर आपोआप जोडला गेला. मात्र २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना ते बघा, हा प्रिंटर पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलतच नाही. पत्त्याचं आरक्षण नव्या राउटरमध्ये परत करावं लागतं. मी .५० आणि मॅक पत्ता दोन्ही प्रिंटरच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवलेत.

माझा राग आहे तो सर्व्हिसवर. तीन वेळा तक्रार नोंदवली आणि तिन्ही वेळा नोंद 'सॉफ्टवेअर रिइन्स्टॉल, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड' अशी. माहितीपत्रक छापून दोन पत्ते शेजारी ठेवायला दोन मिनिटं लागतात. हे तपासणीचं पहिलं काम असायला हवं आणि बॉक्समधल्या घडीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत असायला हवं. तिथे पंधरा भाषांत सुरक्षेच्या सूचना आहेत, याबद्दल एक ओळ नाही.

२०२५च्या मे महिन्यात वॉरंटी संपली. वार्षिक कराराचा फोन आला, २,००० अधिक जीएसटी, म्हणजे २,३६०. नाही म्हटलं. त्यातल्या १,२०० रुपयांत राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप घेतला, आता गुरुवारी राउटर बंदच पडत नाही.

२०२५मध्ये रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती म्हणून त्या जुलैमध्ये हे लिहायला सवड मिळाली. प्रिंटरला चार स्टार. एक कापला तो लॅन पोर्टसाठी. राउटर टेबलापासून आठ फुटांवर आहे, तिथपर्यंतची केबल दीड-दोनशे रुपयांची. घेणार असाल तर ते १,८०० वाचवू नका. पत्त्याचं आरक्षण केबललाही करावंच लागेल, पण दोन पट्टे, पासवर्ड आणि सावकाश जोडला जाणारा प्रिंटर यातून सुटाल.