सात महिने खाणं बदलून बघितलं, कोंडा किती गेला ते सांगतो

मी बेळगावचा, उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. आठ तास डोक्यावर कामाचं हेल्मेट, येताजाता गाडीवरचं वेगळं, म्हणजे डोक्याला वारा लागतो तो झोपल्यावरच. कोंडा कॉलेजपासनं आहे पण मी कधी मनावर घेतलं नाही. गेल्या गणपतीत काळा शर्ट घालून आरतीला उभा होतो तर मागनं वहिनीनं खांदा झाडला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय ओ भावजी, खोबरं सांडलंय काय?" पोरं हसली की सगळी. त्याच रात्री मोबाईलवर वाचत बसलो, साखर आणि तळलेल्यानं कोंडा वाढतो असं दिसलं आणि ठरवलं, साखर बंद, तळलेलं बंद.

आता बेळगावात राहून साखर बंद म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. कुंदा बंद, संध्याकाळची मिरची भजी बंद, बेकरीतली खारी बंद, आणि पाच कप चहा (दोन-दोन चमचे साखर घालून!) होता तो दोनावर, तोपण बिनसाखरेचा. त्याऐवजी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, रोज एक पेरू नाहीतर केळं, दही, आणि अगसीची चटणी. अगसी म्हणजे जवस ओ, आमच्याकडं कोण जवस म्हणत नाही. आई रोज चटणी वाढताना बघायची आणि म्हणायची, डोकं कोरडं पडलंय तुझं, तेल लाव, खाण्याचं काय घेऊन बसलास.

पहिला महिना काय फरक नाही. खाज तशीच, नखात पिवळट चिकट थर यायचा. मधे कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबू चोळलं तर अशी आग झाली की दोन दिवस हेल्मेट घालवेना. एका पार्लरवाल्यानं कांद्याचं तेल गळ्यात मारलं, आठशे रुपये गेले आणि उशीला वास राहिला तो वेगळा.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मॅलेसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक बारीक बुरशी, जवळजवळ सगळ्यांच्याच टाळूवर असतं, टाळूतनं सुटणारं तेल हे त्याचं जेवण, आणि ते तेल फोडताना ओलेइक ॲसिड मागं राहतं, ते काहींच्या टाळूला सोसत नाही मग कातडी भराभर सुटायला लागते. म्हणजे मी जेवतोय ते माझं, डोक्यावर जेवणारा वेगळाच आणि त्याला दर रविवारी आई वाटीभर कोमट तेल वाढत होती. पिवळट आणि चिकट असेल तर तो कोरडेपणा नव्हे म्हणाले, तेल लावून सोडू नका. दोन टक्के केटोकोनाझोलचा, म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाचा, शाम्पू दिला, आठवड्यातनं दोनदा, चार आठवडे, नंतर आठवड्यातनं एकदा. आणि लावल्या लावल्या धुवायचा नाही, पाच मिनिटं ठेवायचा. हे पाच मिनिटांचं लई महत्त्वाचं आहे, मी आधी असले शाम्पू आणून अर्ध्या मिनिटात धुवून टाकत होतो आणि वर शाम्पूलाच शिव्या देत होतो. आता फेस करून मोबाईलवर टायमर लावतो, जानेवारीच्या थंडीत ओल्या डोक्यानं कुडकुडत उभं राहिलोय.

तीन आठवड्यात ऐंशी टक्के साफ. पण माझी पंचाईत अशी झाली की खाणंपण बदललेलं, तेलपण बंद, शाम्पूपण नवा, मग श्रेय कुणाला द्यायचं?

डिसेंबरात खानापूरकडं गावी गेलो आणि बाटली तिथंच राहिली, मग म्हटलं बघूया, तीन आठवडे साधा शाम्पू वापरला. खाणं अगदी कडक, भाकरी-अगसी चालूच. दहाव्या दिवशी खाज सुरू, पंधराव्या दिवशी कॉलरवर कोंडा. मग फेब्रुवारीत उलटं केलं, म्हणजे झालंच तसं, घरात दोन लग्नं होती, मांडे काय, कुंदा काय, दोन आठवडे हाणला पण शाम्पू चुकवला नाही. डोक्याला काय झालं नाही. गालावर दोन मुरुमं उठली फक्त, आणि साखरेचा संबंध मुरुमांशी जास्त सापडलाय असं डॉक्टरपण म्हणालेच होते.

खाण्याचा काहीच संबंध नाही असं पण मी म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये चार हजारांवर लोकांचा अभ्यास झालाय, त्यात फळं जास्त खाणाऱ्यांत सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याचाच मोठा भाऊ, कमी दिसला. पण फळामुळंच कमी झाला असं त्यातनं ठरत नाही, फळं खाणारा माणूस बाकीपण नीट राहत असेल की. झिंक किंवा बी२, बी६ ही व्हिटॅमिनं खरंच कमी पडली तर कातडीवर खवले येतात, त्यासाठी मात्र तपासून घ्यावं, दुकानदारानं दिली म्हणून गोळी गिळू नये. मी बायोटिनचा (केसांसाठी विकतात ते व्हिटॅमिन) एक डबा आणून अर्धा तसाच ठेवलाय.

भाकरी आणि बिनसाखरेचा चहा मी सोडला नाही, पण ते पित्तासाठी, चार किलो वजनपण उतरलं. कुंदा मात्र महिन्यातनं एकदा चालू केला बघा. हेल्मेटच्या आतली पट्टी दर रविवारी साबणानं धुतो, त्याच वेळात जेव्हा आधी तेल लावत होतो. आई अजून तोंड वाकडं करते, तिला आंघोळीआधी अर्धा तास केसांच्या टोकांना लावू देतो, टाळूला नाही. भुवयांतला कोंडा मात्र अजून हटेना, शाम्पूचा फेस तिथं पण लावून बघितला, डोळ्यात गेला की लई झोंबतो, त्यासाठी पुढच्या आठवड्यात परत डॉक्टरला दाखवणार आहे.