प्रिन्सिपलचे प्रश्न: बाण काढायचे की मराठीत वाचायचे?

प्रिन्सिपलचे प्रश्न म्हणजे एखादं तत्त्व एखाद्या प्रसंगाला लावून बघायला सांगणारे प्रश्न. ते सोडवायच्या या दोन्ही पद्धती करून झाल्यात, एलसॅटसाठी (अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा), नोकरी सांभाळून. अभ्यास बराचसा ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरमध्ये, त्यामुळे माझं मत थोडं प्रवासाकडे झुकलेलं असेल, हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०२४पासून त्या परीक्षेतून लॉजिक गेम्स (कोड्यांचा विभाग) गेले आणि गुण धरले जाणारे लॉजिकल रीझनिंगचे (तर्काचे) विभाग दोन झाले. प्रिन्सिपलचे प्रश्न याच विभागात येतात. त्यामुळे हे प्रश्न सोडून देण्याची चैन आता परवडत नाही.

बाण मला नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये शिकवले. अट डावीकडे, निकाल उजवीकडे, मध्ये बाण. शिकवणारे उत्तम होते आणि पहिले दोन महिने या पद्धतीनेच मला शिस्त लावली. वाक्यात 'अनलेस' आलं की बाणासारखा आधार नाही.

पण बाण काढताना आपण शब्द आखडते घेतो, आणि मी तिथेच मार खायचो. आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत घडेल असं उदाहरण घ्या. तत्त्व: 'दुसऱ्याचं नुकसान होणार हे माहीत असून कोणी गप्प बसला, तर तो दोषी.' प्रसंग: टाकी धुणार म्हणून पाणी बंद, सेक्रेटरींनी नोटीस लावली नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे त्या दिवशीचे डबे रद्द झाले. काकू डबे करतात हे सेक्रेटरींना ठाऊकच नव्हतं. माझ्या कागदावर काय? 'गप्प → दोषी'. 'माहीत असून' कधी गळालं, मलाच कळायचं नाही. सेक्रेटरी दोषी, मी पुढच्या प्रश्नावर. नंतर उत्तर तपासताना चडफडायचं. हे एकदा नाही, आठवड्यातून चारदा व्हायचं.

दुसरी पद्धत कोणी शिकवली नाही, गर्दीत वही उघडता येईना म्हणून लागली. इंग्रजी तत्त्व मनातल्या मनात मराठीत म्हणायचं आणि एवढंच विचारायचं: इथे 'तर' आहे की 'तरच'? वरच्या तत्त्वात 'तर' आहे. म्हणजे ते कुणाला दोषी ठरवू शकतं, निर्दोष कधीच ठरवू शकत नाही. सेक्रेटरींना नुकसानीची कल्पना नव्हती, म्हणून 'दोषी' हा पर्याय सिद्ध होत नाही. आणि 'म्हणून ते निर्दोष' म्हणणारा पर्याय, जो सगळ्यात सोज्वळ दिसतो, तोही बाद. त्यासाठी 'तरच' हवं होतं. इंग्रजीत 'इफ' आणि 'ओन्ली इफ' मला घाईत सारखेच दिसायचे. मराठीतला 'च' मात्र कानाला लागतो.

प्रसंग देऊन त्याला आधार देणारं तत्त्व निवडायला सांगतात, तिथे तर पाच पर्यायांचे पाच बाण कोण काढत बसणार? हवा तो निकाल ज्या पर्यायाच्या शेवटी येतच नाही, तो आधी खोडायचा. बहुतेक वेळा दोनच उरतात.

ज्यांचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालंय, त्यांना हा मराठीचा वळसा कदाचित उलट जड जाईल. माझ्या धाकट्या बहिणीला जातो, ती क्लॅटच्या (आपल्याकडची लॉची प्रवेश परीक्षा) उताऱ्यांनाही बाणच काढते आणि तिचं बरं चाललंय. माझ्या चुका मात्र मराठीत वाचायला लागल्यावर कमी झाल्या. मोजून ठेवलं नाही, पण चुकांची वही भरायची थांबली. एकाच वाक्यात दोन 'अनलेस' आले, तर मी अजूनही पेन काढतो.