ज्याँ-लूक पाँतीचा कोणता अल्बम आधी घ्यावा?

रॉकमध्ये व्हायोलिन बहुतेक वेळा पाहुणं म्हणून येतं. गाण्यात चार ओळी वाजवायच्या आणि बाजूला व्हायचं. फ्रेंच व्हायोलिनवादक ज्याँ-लूक पाँतीच्या अल्बममध्ये मात्र गायकाची जागाच व्हायोलिनला दिलेली असते. म्हणून प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, ऐकणाऱ्याला या वाद्याकडे वळायचं असेल, तर सुरुवात पाँतीपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. अडचण एवढीच की १९७५ पासून पुढची दहा वर्षं अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने जवळजवळ दरवर्षी एक अल्बम काढला. त्यातला पहिला कोणता घ्यायचा?

माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: १९७६ चा 'इमॅजिनरी व्हॉयेज' आणि १९७७ चा 'एनिग्मॅटिक ओशन'. बाकीचे नंतर.

आधी त्याच्या वाजवण्याविषयी, कारण आपला कान वेगळ्या व्हायोलिनवर तयार झालेला असतो. डी. के. दातार यांचं गायकी अंगाचं वादन ज्यांनी मनापासून ऐकलंय, ते स्वरातून स्वरात जाणारी मींड शोधतील. पाँतीकडे ती क्वचितच मिळते. नॉर्मंडीतला हा मुलगा सतराव्या वर्षी पॅरिस कॉन्झर्व्हेटॉर या संगीत महाविद्यालयाचं पहिलं पारितोषिक घेऊन बाहेर पडला, लामुरो ऑर्केस्ट्रात बसला आणि त्याच काळात जाझमधल्या सॅक्सोफोन, ट्रम्पेटच्या नादी लागला. त्यामुळे त्याचा स्वर सरळ येतो. पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनमधला सततचा कंप त्याने जवळजवळ काढून टाकलाय, आणि ओळ तो फुंकून वाजवल्यासारखी सोडतो. पुढे रॉक संगीतकार फ्रँक झॅपाबरोबर आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जाझ-रॉक बँडमध्ये वाजवताना त्याला अँप्लिफायर आणि एको, फेझर अशा आवाज बदलणाऱ्या उपकरणांची सवय झाली. १९७५ नंतरचे अल्बम या सगळ्या जमाखर्चावर उभे आहेत.

'इमॅजिनरी व्हॉयेज' आधी घ्यायचं कारण म्हणजे तो लगेच आवडतो. पहिलंच 'न्यू कंट्री' म्हणजे अमेरिकन खेड्यातल्या नाचाची चाल. जेमतेम तीन मिनिटांची, पण पाय थांबत नाही. लगेच 'द गार्डन्स ऑफ बॅबिलॉन', पाँतीच्या सगळ्यांत गोड चालींपैकी एक. आणि मग 'वाँडरिंग ऑन द मिल्की वे': दोन मिनिटांच्या आत संपणारा तुकडा, त्यात नुसतं व्हायोलिन आणि त्याचे प्रतिध्वनी. हा हेडफोनवर ऐका. एक ओळ वाजते, ती परतून येते, तोवर तो तिच्यावर दुसरी ठेवतो, आणि एकटा माणूस बघता बघता मोठा वाद्यमेळ उभा करतो. शेवटी वीसेक मिनिटांची, चार भागांची शीर्षकरचना आहे. तिच्यात डॅरिल स्टर्मरची गिटार आणि मार्क क्रेनीचे ड्रम्स सुरेख आहेत, पण मधे मधे वाटतं की सगळे पाँतीला जपून वाजवतायत.

'एनिग्मॅटिक ओशन'मध्ये कुणी कुणाला जपत नाही. स्टर्मर आहेच, पण त्याच्या जोडीला ॲलन होल्ड्सवर्थ आला आणि सगळा तोल बदलला. होल्ड्सवर्थची गिटार इतकी सलग वाहते की काही वेळा व्हायोलिनचा गज कोणाच्या हातात आहे असा प्रश्न पडतो. गिटारवाला व्हायोलिनसारखा लांब श्वास घेतो आणि व्हायोलिनवाला गिटारसारखा तुटक, टोकदार वाजवतो. शीर्षकरचनेच्या दुसऱ्या भागात हे दोघे, स्टर्मर आणि कीबोर्डवर ॲलन झावोद आळीपाळीने पुढे येतात, आणि खाली स्टीव्ह स्मिथचे ड्रम्स व राल्फ आर्मस्ट्राँगचा बेस एक क्षण सैल पडत नाहीत. हाच स्टीव्ह स्मिथ वर्षभरात 'जर्नी' या रॉक बँडमध्ये गेला आणि स्टर्मर 'जेनेसिस' या बँडबरोबर दौऱ्यांवर. पुन्हा हा संच असा जमला नाही.

शिवाय यात 'मिराज' आहे. बेसची एकच फिरत राहणारी ओळ आणि तिच्यावर पाँती घाई न करता सूर लावत जातो. संथ आलापीची आवड असलेल्याने अल्बममध्ये इथूनच शिरावं. शेवटची तीन भागांची रचना समुद्राकडे निघालेल्या कासवावर आहे. ती पहिल्यांदा ऐकताना लांबते, तिसऱ्यांदा ऐकताना लांबत नाही.

एकच घ्यायचा असेल तर 'एनिग्मॅटिक ओशन' घ्या. व्हायोलिनला तोडीस तोड भेटला की ते काय करू शकतं, हे इथे कळतं. मात्र गिटारचा मारा सोसत नसेल, किंवा घरात सगळ्यांसमोर लावायचा असेल, तर 'इमॅजिनरी व्हॉयेज'. मोबाईलवर ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा, आणि दोन ट्रॅकमध्ये खंड पडत नाही ना ते बघा. या रचना भागाभागांत कापलेल्या असल्या तरी सलगच ऐकायच्या आहेत.

बाकीच्यांपैकी 'ऑरोरा' (१९७६) मऊ आहे. त्यातलं 'रेनेसाँस' हे पियानो, अकूस्टिक गिटार आणि व्हायोलिनचं नितळ संभाषण. विजेवरच्या वाद्यांचा आवाज नको असणाऱ्यांनी तेवढं तरी ऐकावंच. 'कॉस्मिक मेसेंजर' (१९७८) चांगला, पण आधीच्या दोघांनंतर नवीन फार देत नाही. त्याचा शेवट, 'इगोसेंट्रिक मॉलिक्यूल्स', मात्र झपाटून टाकतो. १९८३ च्या 'इंडिव्हिज्युअल चॉइस'पासून सुरुवात करू नका. तिथे सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवत राहणारं यंत्र, पाया घालतो आणि पाँती त्यावर बराचसा एकटाच बांधतो. त्यात 'युलॉजी टू ऑस्कर रोमेरो' आहे, १९८० साली गोळी घालून मारलेल्या एल साल्वादोरच्या आर्चबिशपची आठवण म्हणून केलेलं, आणि ते सुंदर आहे. पण बँडची झटापट ऐकून झाल्यावरच त्या एकटेपणाची किंमत कळते, म्हणून तो तिसरा किंवा चौथा घ्या.