रायफलचं बॅरल (नळी) झिजलंय म्हणून सांगितलं आणि चांगलं बॅरल काढून नेलं

ज्यांची मुलं १० मीटर एअर रायफल खेळतात त्या पालकांनी हे नीट वाचा आणि आपापल्या रेंजच्या ग्रुपवर पण टाका. नवी जर्मन मॅच रायफल म्हणजे लाखांचा मामला, त्यामुळे आमच्यासारखे बरेच जण वापरलेली घेतात, आणि काही रिपेअरवाले बरोबर अशाच लोकांवर टपून असतात कारण वॉरंटी नाही, कंपनीचा माणूस जवळ नाही आणि स्पर्धा तोंडावर असली की पालक घाबरलेले असतात.

आमच्या पोरीची रायफल वापरलेलीच, पण व्यवस्थित. राज्य स्पर्धेच्या आधी तिचे शॉट अचानक खाली जायला लागले. चार-पाच शॉट १०.४, १०.५ गुणांचे आणि मग मधेच एक सरळ खाली ९.६. डावी-उजवीकडे काही नाही, फक्त खाली. पोरीला वाटायचं आपलंच ट्रिगरला चुकतंय, रडायची बिचारी. कोच सरांनी दुसऱ्या मुलाची रायफल हातात दिली तर त्यावर मस्त सिरीज मारली, म्हणजे दोष रायफलीतच आहे एवढं नक्की झालं.

त्याच सुमारास एका स्पर्धेच्या ठिकाणी एक रिपेअरवाला भेटला, नाव लिहित नाही कारण तक्रार चालू आहे. त्याने मोबाईलला वायरवाला बारीक कॅमेरा जोडून बॅरलमध्ये घातला आणि स्क्रीनवर दाखवलं, आत काळपट राखाडी पट्टे. म्हणला, बघा साहेब, रायफलिंग (नळीतल्या पिळदार खाचा) पार झिजलंय, आता कितीही भारी छर्रे घाला, ग्रुप (सगळे शॉट जवळजवळ पडणं) येणार नाही. माझ्याकडे योगायोगाने इंपोर्टेड बॅरल आहे, ३८ हजार, आणि जुनं कंपनीला परत पाठवावं लागतं म्हणून ते मी ठेवणार, त्याचाच रेट धरून एवढं स्वस्त देतोय. पैसे यूपीआयने दिले, बिल मागितल्यावर एका कागदावर 'सर्व्हिसिंग व पार्ट' एवढंच खरडून दिलं.

घरी आल्यावर पहिल्याच प्रॅक्टिसला ग्रुप आणखी बिघडला. खाली जाणारे शॉट तर होतेच, शिवाय आता चारी बाजूंना पसरायला लागले. फोन केला तर म्हणे नवीन बॅरल आहे, सेट व्हायला हजारेक छर्रे जातील. परत फोन केला तर छर्रे बदला. नंतर फोन उचलायचाच बंद झाला.

मग आमच्या भागातले एक जुने नेमबाज आहेत, स्वतःच्या रायफली स्वतः खोलणारे, त्यांच्याकडे नेली. त्यांनी बॅरलला हातसुद्धा लावला नाही आधी. टिश्यू पेपरची बारीक पट्टी फाडली, रायफल लोड केली, पट्टी ब्रीचच्या (जिथून छर्रा भरतात त्या मागच्या भागाच्या) फटीवर धरली आणि शॉट मारायला लावला. पट्टी फडफडून उडाली. म्हणाले हवा इथून मागे लीक होतेय, ब्रीचची ओ-रिंग (हवा अडवणारी रबराची रिंग) कडक होऊन चिरली आहे. मग क्रोनोग्राफवर (छर्र्याचा वेग मोजायच्या यंत्रावर) मारून बघितलं तर छर्र्याचा वेग सेकंदाला १७१ मीटर, १७०, आणि मधेच १६१. त्यांनी तिथेच कागदावर हिशोब मांडला. १० मीटर जाईपर्यंत छर्रा १७१ ला साधारण १७ मिलिमीटर खाली येतो आणि १६१ ला १९. म्हणजे दोन मिलिमीटरचा फरक. आपल्या टार्गेटवर ०.१ पॉइंट म्हणजे पाव मिलिमीटर, मग दोन मिलिमीटरला ०.८ गेले की नाही? १०.४ चा ९.६ होतो तो असा. आणि वेगातला फरक फक्त खाली-वर दिसतो, आडवा दिसत नाही. पोरीचे शॉट सरळ खाली का जात होते त्याचं उत्तर एका रबराच्या रिंगमध्ये होतं, जी शंभर-दोनशे रुपयांत मिळते, आणि त्या माणसाने ३८ हजार घेऊन ती रिंग बदललीसुद्धा नव्हती!

रिंग बदलल्यावर वेग एकसारखा आला, खाली जाणारे शॉट बंद. पण पसरलेला ग्रुप तसाच. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट धरून मारलं तरी पसरलेला, म्हणजे पोरीचा त्यात काही संबंध नाही. चांगल्या मॅच बॅरलला छर्रा मानवला की क्लॅम्पवर पाच शॉटचं मिळून एकच भोक पडतं, जेमतेम सहा मिलिमीटरचं. हे भोक तर करंगळीचं टोक जाईल एवढं. मग त्यांनी बॅरल काढलं आणि मी बघतच राहिलो. बसवायच्या जागेत बॅरल सैल पडत होतं म्हणून त्याच्याभोवती पत्र्याची पातळ पट्टी गुंडाळून ते घट्ट केलेलं. दुसऱ्याच कुठल्यातरी मॉडेलचं बॅरल. तोंडाला बोट फिरवलं तर एका बाजूला नखाला खाच लागत होती. छर्रा बाहेर पडताना मागची हवा चारी बाजूंनी सारखी सुटली पाहिजे, तिथे खाच असली की हवा एका बाजूने आधी निसटते आणि छर्र्याला ढकलते. कापसाच्या बोळ्याने तोंडाची कड पुसून बघा, धागे अडकले की समजा काहीतरी गडबड आहे.

आणि ते काळे पट्टे? त्या माणसाने स्वतःच मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते, ते दाखवले. ते जुने नेमबाज काका म्हणाले हे शिसं आणि छर्र्यावरचं तेल, फेल्टचे क्लिनिंग पेलेट (नळी साफ करणारे मऊ बोळे) मारले की निघून जातं, खाचांच्या कडा बघ किती धारदार आहेत, हे बॅरल एकदम ठणठणीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट त्यांनी समजावली ती सगळ्या पालकांना माहीत पाहिजे. एअर रायफलच्या बॅरलमध्ये बारूद जळत नाही, उष्णता नाही, छर्रा मऊ शिशाचा आणि नळी पोलादाची, वेगही कमी. हजारो काय, लाखभर छर्रे गेले तरी नळी अशी 'झिजत' नाही. ती खराब होते गंजाने, तोंड आपटल्याने, नाहीतर पुढून लोखंडी सळई घालून साफ केल्याने. पावसाळ्यात कोकणात, कोल्हापूर-साताऱ्याकडे केस बंद करून ठेवता तेव्हा सिलिका जेलची पुडी टाका आणि बॅरल कोरडं ठेवा. बाकी ग्रुप बिघडला की आधी स्टॉकचे स्क्रू, मागची डायॉप्टर साइट (नेम धरायचं बारीक भोकाचं साधन), पुढच्या साइटचा टनेल (गोल नळकांडं), हे सगळं हलवून बघा, मग छर्रे बदलून बघा (४.४९ आणि ४.५० मिलिमीटर जाडीच्या छर्र्यांतला फरक काही बॅरलना खूप जाणवतो), मग टिश्यूची टेस्ट, मग क्रोनोग्राफ. बॅरलचा नंबर सगळ्यात शेवटी. कुणी पहिल्याच मिनिटाला बॅरलवर आला की रायफल उचला आणि घरी या.

आणि काढलेला कुठलाही पार्ट तुमचा आहे, तो परत मागा, हे कंपनीला परत पाठवायचं वगैरे तर निव्वळ थाप. रायफल देण्याआधी सगळ्या नंबरांचे आणि खुणांचे फोटो काढा. कंपनीचं टेस्ट कार्ड असेल तर जिवापाड जपा, त्यावर रायफलचा नंबर आणि फॅक्टरीत मारलेला ग्रुप असतो. आमचं कार्ड मूळ मालकाने दिलेलं, तेच आता पुरावा म्हणून कामाला आलंय. मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्या रिपेअरवाल्याने तिथे उत्तरच दिलं नाही, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस करता येते, त्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत, वकीलही सक्तीचा नाही. यूपीआयची नोंद, त्याचे मेसेज, ते फोटो, खरडलेला कागद, सगळं जोडलंय. पोर सध्या क्लबच्या रायफलवर खेळतेय.

आमचं मूळ बॅरल त्याने कुणालातरी विकलं असणार. फ्रंट साइट दरवेळी एकाच जागी बसावी म्हणून पोरीने त्या साइटच्या क्लॅम्पच्या मागे बॅरलच्या खालच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिलेला होता आणि त्याच्या शेजारी एक आडवा ओरखडा आहे. गेल्या काही महिन्यांत कुणी सेकंडहँड मॅच बॅरल घेतलं असेल तर कृपा करून साइट काढून तिथे बघा, आणि खूण दिसली तर मला मेसेज करा. तुमचे पैसे बुडू देणार नाही, मला फक्त ते कुणाकडून आलं एवढं लेखी हवंय.