ट्रूनॅट: यंत्रापेक्षा चिपचा व्यवसाय

गोव्याच्या मोल्बायो डायग्नॉस्टिक्सचे ट्रूनॅट हे क्षयनिदानाचे यंत्र गुणदोषांवर जोखताना त्यामागचे व्यवसायाचे गणितच अधिक लक्ष वेधून घेते. प्रतिस्पर्धी जीनएक्सपर्टला खात्रीची वीज आणि थंड खोली हवी असते. मोल्बायोने नेमकी हीच उणीव हेरली आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावणारे, बॅटरीवर चालणारे व सुमारे तासाभरात निकाल देणारे यंत्र बनवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. त्याच वर्षी कोविडची चिप (यंत्रात घालून एकदाच वापरायची चाचणीची छोटी पट्टी) आली आणि क्षयासाठी घेतलेली यंत्रे त्याही कामी आली. प्रत्येक आजाराची चिप वेगळी आणि ती याच यंत्रात चालणारी, त्यामुळे एकदा यंत्र घेतलेला ग्राहक सहसा दुसरीकडे जात नाही. (धूर्त, पण रास्त.)

वापरात मात्र हाताचे काम उरतेच. ट्रूप्रेपमधून (नमुन्यातून डीएनए वेगळा काढणाऱ्या जोडयंत्रातून) मिळालेल्या डीएनएच्या द्रावणातले ६ मायक्रोलिटर पिपेटने मोजून चिपवर सोडावे लागतात. शिवाय जिवाणू रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतो का, हे जीनएक्सपर्ट त्याच चाचणीत सांगते, तर इथे त्यासाठी दुसरी चिप लावावी लागते. ग्रामीण केंद्रासाठी मी हेच यंत्र सुचवेन. गर्दीच्या शहरी प्रयोगशाळेसाठी नाही.