प्रात्यक्षिक घ्यावं की तीन पुड्या?

वाडीतल्या एका पुतण्याने विचारलं, "काका, भाताचं प्रात्यक्षिक देतायत आणि ते वाणांच्या तीन पुड्या वाटणारेही फिरतायत. नाव कुठे घालू?" दोन्ही मी करून बसलोय, म्हणून जे त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

प्रात्यक्षिक सगळ्यांना ठाऊक आहे. साधारण एक एकराचं, बियाणं-खत कृषी खात्याचं, शेत आणि घाम आपला, बांधावर पाटी. कागदावर एक एकर सोपा वाटतो. माझे चाळीस गुंठे सात खाचरांत आहेत आणि त्यातली दोन पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे. पाटी लागली ती अर्थातच रस्त्याकडच्या खाचरात.

पण खोटं कशाला बोलू, शिकलो ते तिथेच. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री, म्हणजे भातलागवडीची चार सूत्रांची पद्धत, मी त्याच वर्षी पहिल्यांदा नीट केली. चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला, खुणांच्या दोरीवर आलटून-पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतराने लावणी आणि चार चुडांच्या (रोपांच्या) चौकोनात मधोमध युरियाची एक गोळी. लावणीच्या बायका पहिल्या दिवशी दोरीला शिव्या घालत होत्या. पण आमच्याकडे फेकलेला युरिया पहिल्याच जोराच्या सरीत बांध ओलांडून खालच्या खाचरात जातो, शेजाऱ्याचं भात हिरवंगार होतं. चिखलात खोचलेली गोळी जागची हलत नाही. ते मी आजही करतो.

मग बिनसलं कुठे? कापणीला.

वाण हळवं होतं, म्हणजे लवकर तयार होणारं. हस्ताची एक सर येऊन गेली, उघडीप पडली, लोंब्या पिवळ्या झाल्या. एरवी दुसऱ्या दिवशी कोयते घेऊन उतरलो असतो. पण नमुना कापणी, म्हणजे चौकट आखून तेवढ्यातलं भात कापून मोजणं, खात्याच्या साहेबांसमोर व्हायला हवी, तोवर हात लावायचा नाही. फोन केला. "उद्या येतो." उद्या गाडी नव्हती. परवा बैठक होती. आई पडवीत बसून आभाळाकडे बघत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "भात तुजा की तेंचा?" मी गप्प. त्याच रात्री परतीच्या पावसाने गाठलं. सकाळी निम्मं भात आडवं. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर लोंबी उचलून पाहिली, तर दाण्यांना पांढरे कोंब.

साहेब आले सातव्या दिवशी. भले माणूस, हळहळलेही. पण चौकट आखली ती कोपऱ्यात, जिथे भात उभं होतं तिथे. आडव्या भातात चौकट मांडायची कशी, हा त्यांचा प्रश्नही खराच. त्या कोपऱ्याचं उत्पन्न चांगलं आलं आणि तेच वहीत गेलं. घरात आलेलं भात कोणी मोजलं नाही. पेंढा काळा पडला, तो गुरांनीही हुंगून सोडला. पेंढ्याचा रकाना वहीत नव्हताच.

सगळीकडे असंच होतं असं नाही. माझ्या मेव्हण्याकडे माणसं ठरल्या दिवशी हजर होती. माझं नशीब म्हणा हवं तर.

आता पुड्या. एकेका शेतकऱ्याला तीन वाणांच्या तीन छोट्या पुड्या. वर नाव नाही, फक्त अ, ब, क. माझ्या तीन आणि शेजाऱ्याच्या तीन वेगळ्या असू शकतात. वजन-माप काही मागत नाहीत. तिघांत सर्वांत चांगलं कुठलं, सर्वांत वाईट कुठलं, एवढंच विचारतात: रोपाला, रोगाला, उत्पन्नाला, चवीला. अशी पुष्कळ शेतकऱ्यांची उत्तरं जोडून क्रम लावतात. इथिओपियात आणि आपल्याकडे बिहारमध्ये गव्हावर, निकाराग्वात घेवड्यावर ही पद्धत वापरून झाली आहे.

मला पहिल्यांदा हा पोरखेळ वाटला. त्यात आमच्या खाचरात 'क' सगळ्यांच्या आधी निसवलं (लोंब्यांवर आलं) आणि पाखरांना आजूबाजूला दुसरं काहीच तयार दिसेना. सगळा थवा त्या चार ओळींवर. मी उत्पन्नात 'क'ला सर्वांत वाईट लिहिलं. फोन करणाऱ्या मुलीला कारण सांगितलं, तर म्हणाली, "लिहून घेते दादा, पण उत्तर बदलू नका. दुसऱ्या कोणाच्या शेतात पाखरं नसतील." पटलं. तरी 'क'वर अन्याय झाला असं अजून वाटतं.

'ब' मी कापलं ते उघडीप मिळाली त्या दिवशी, कोणाला न विचारता. आईने तिन्हींची वेगवेगळी पेज केली. 'अ'चा दाणा देखणा, पण पेज पाण्यासारखी. 'ब'ची दाट, थंड झाल्यावरही चांगली. पेंढाही लांब. नाव शेवटी कळलं तेव्हा ते आमच्याकडच्या दुकानात कधी न दिसलेलं वाण निघालं. मळणीनंतर तीन-चार किलो बी बाजूला ठेवलं, पुढच्या मृगात त्याचाच तरवा (रोपांचा वाफा) टाकला.

यात खत फुकट नाही, सल्ला जवळपास नाही, आणि तीन जातींची झोडणी वेगवेगळी करायची म्हणजे खळ्यावर तीन ठिकाणी ताडपत्री. घाईत एकदा 'अ' आणि 'क' मिसळणार होतं, पोरीने ओरडून थांबवलं. ज्याला लागवडीची पद्धतच सुधारायची आहे, त्याने पुड्या घेऊन उपयोग नाही. त्याने प्रात्यक्षिकच घ्यावं, एक वर्ष तरी. पुतण्याचं तसं नाही. चारसूत्री तो माझ्याकडे बघून करतोच, आणि त्याचं सगळं भात हळवं, म्हणजे कापणी ऐन परतीच्या पावसाच्या तोंडावर.

त्याला म्हटलं, पुड्या घे. फक्त पऱ्ह्यापलीकडे लावू नकोस, डुक्कर अ-ब-क बघत नाही. घराजवळच्या खाचरात लाव, जिथे आजीला पडवीतून पाखरं हाकता येतील.